प्रतिकृतीचा खरेपणा

'नक्कल' या शब्दाला मराठीत फारसा मान नाही. नकली दागिना, नकली औषध, नकला करणारा विदूषक, असा त्याचा गोतावळा. परंतु हाच शब्द कचेरीच्या पायऱ्या चढला की त्याची प्रतिष्ठा एकाएकी वाढते. जमिनीच्या कागदाची 'खरी नक्कल' मिळावी म्हणून माणसे अर्ज करतात, शुल्क भरतात, खेटे घालतात, आणि शिक्का उमटलेला तो कागद देवघरातल्या पोथीप्रमाणे जपून ठेवतात. एकाच शब्दाने एकीकडे फसवणूक सुचवावी आणि दुसरीकडे पुरावा, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. नक्कल खरी केव्हा होते आणि नकली केव्हा? राज्य शासनाच्या सेवेत असताना आम्ही असंख्य प्रतींवर खरेपणाचा शेरा मारून सही केली. पण या प्रश्नाचा निवांत विचार करण्याची सवड निवृत्तीनंतरच मिळाली. आणि तो विचार करायला जे निमित्त झाले ते कायद्याचे पुस्तक नसून मोटारीची एक चिमुकली प्रतिकृती होती.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून मोटारीची प्रतिकृती जोडणे आणि ती रंगवणे हा छंद आपल्याकडचा नव्हे. त्याची मुळे अमेरिकेत आणि जपानात आहेत. अमेरिकेत मोटारींच्या विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांचे छोटे नमुने बनत. 'एएमटी' ही कंपनी १९४८ मध्ये अशाच नमुन्यांपासून सुरू झाली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिने ग्राहकाने स्वतः जोडायचे संच बाजारात आणले. जपानात शिझुओका हे शहर या उद्योगाचे माहेरघर ठरले. तेथील 'तामिया' ही कंपनी मुळात लाकडाच्या व्यवसायातली. लाकडी नमुन्यांवरून ती प्लॅस्टिककडे वळली. १९७० च्या दशकात पोर्शे गाडीचा मोठा संच काढताना मोजमापे अचूक यावीत म्हणून या कंपनीने खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी केली, ही हकीकत या क्षेत्रात आदराने सांगितली जाते. प्रतिकृतीसाठी मूळ वस्तू उलगडून पाहण्याची ही निष्ठा विद्वानांनाही हेवा वाटावा अशी आहे.

या संचांचे प्रमाण सामान्यतः जपानी पद्धतीत चोविसास एक आणि अमेरिकन पद्धतीत पंचविसास एक असते. चोविसास एक म्हणजे मूळ गाडीचा एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच होतो. भाग जोडणे हे त्यातले सोपे काम. खरी परीक्षा रंगकामाची. साच्यातून निघालेल्या भागांवर तेलकट अंश राहतो, तो साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. मग जोडाच्या रेषा पॉलिश पेपरने घासायच्या, प्राइमरचा हात द्यायचा, त्यावर रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळण्याची वाट, मधूनमधून ओल्या बारीक पेपरने हलकी घासणी, शेवटी पारदर्शक लेप आणि पॉलिश. घाई केली की ओघळ येतात. रंग फार दुरून फवारला तर तो वाटेतच अर्धवट वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. एनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. प्लॅस्टिक मूळचे लाल असेल आणि वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर आधी चंदेरी किंवा करडा हात देऊन ती लाली अडवावी लागते. नाहीतर काही दिवसांनी पांढऱ्यातून गुलाबी झाक वर येते. एवढे सारे करून हाती काय येते, तर तळहाताहून थोडी मोठी, कोठेही न जाणारी गाडी.

या उद्योगावर पहिला आरोप प्लेटोने अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तो पलंगाचे उदाहरण घेतो. एक पलंग ईश्वराच्या योजनेतला, दुसरा सुताराने केलेला आणि तिसरा चित्रकाराने रंगवलेला. चित्रकार सत्यापासून सर्वांत दूर, कारण तो वस्तूची नव्हे तर तिच्या दिसण्याची नक्कल करतो. या न्यायाने मोटारीची प्रतिकृती रंगवणारा मनुष्य दिसण्याच्या बाजारातला किरकोळ विक्रेता ठरतो. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी त्याचे काम जवळून पाहिले पाहिजे, कारण तेथे एक अडचण दडलेली आहे, आणि ती अंकगणिताची आहे.

समजा, एखाद्याने ठरवले की आपण तसूभरही खोटेपणा करणार नाही. मूळ गाडीला कारखान्यात जो रंग दिला, त्याच डब्यातला रंग प्रतिकृतीला देऊ. याहून प्रामाणिक काय असणार? परंतु मोटारीवरच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. चोविसास एक या प्रमाणात ती ४ ते ६ मायक्रॉन व्हायला हवी. इतका पातळ थर हाताने देऊन अंग झाकणे शक्यच नाही. प्राइमर, रंग आणि पारदर्शक लेप मिळून ५० मायक्रॉन जाडी झाली, तरी मूळ गाडीच्या हिशेबात तो सव्वा मिलिमीटर जाडीचा लेप ठरतो. मूळ गाडीच्या दाराभोवतीची फट ५ मिलिमीटर असेल, तर प्रतिकृतीत ती सुमारे ०.२ मिलिमीटर राहते. तिच्या दोन्ही कडांवर ५०-५० मायक्रॉन रंग बसला की फट निम्मी होते आणि दार हे दार न राहता अंगावरचा ओरखडा वाटू लागते. म्हणून जाणकार लोक रंगवण्यापूर्वीच या रेषा मुद्दाम खोल कोरून घेतात. म्हणजे रेषा खरी दिसावी म्हणून ती मापाबाहेर करावी लागते.

रंगछटेचे तसेच. धातूची चमक असलेल्या रंगात बारीक चकत्या असतात. ३० मायक्रॉनची चकती खऱ्या गाडीवर वेगळी दिसतही नाही. पण तीच प्रतिकृतीवर बसली की चोविसाच्या पटीने पाऊण मिलिमीटरची होते, आणि गाडीला मोटारीचा रंग न लागता जरतारी शालू नेसवल्यासारखे वाटते. टायर काळे असतात असे आपण म्हणतो, पण निव्वळ काळा रंग दिलेला टायर खेळण्यातला दिसतो. त्यात करडा मिसळला तरच तो रबराचा वाटतो. याचे कारण अंतरात आहे. चोविसास एक प्रमाणातली प्रतिकृती आपण एका फुटावरून पाहतो, म्हणजे मूळ गाडी २४ फुटांवरून पाहत असतो. त्या अंतरावर मधली हवा, पसरलेला उजेड आणि आपली दृष्टी मिळून रंगाची धार बोथट करतात. तात्पर्य, त्याच डब्यातला तोच रंग लहान आकारावर खोटा ठरतो आणि तारतम्याने बदललेला रंग खरा ठरतो.

येथे प्लेटोच पुन्हा भेटतो, आणि या वेळी अधिक सावधपणे. 'सोफिस्ट' या संवादात तो नकलेचे दोन प्रकार करतो. एक मूळची प्रमाणे जशीच्या तशी राखणारी. दुसरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांना योग्य दिसावी म्हणून प्रमाणे बदलणारी. प्रचंड मूर्ती घडवणारे शिल्पकार वरचा भाग दुरून लहान दिसेल म्हणून तो मुद्दाम मोठा करतात, असे उदाहरण तेथे आहे. प्लेटोचा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. दुसऱ्यात सत्याला रजा दिली जाते असे त्याला वाटते. त्याची भीती निराधार नाही, कारण डोळ्यांना सुखावण्यासाठी एकदा बदल करू लागलो की थांबायचे कोठे? सोफिस्ट मंडळी शब्दांच्या बाबतीत हेच करत होती. परंतु वरचे अंकगणित सांगते की लहान वस्तूच्या बाबतीत पहिला मार्ग उपलब्धच नाही. जशीच्या तशी नक्कल करू पाहणाराही कळत नकळत दुसरीच वस्तू निर्माण करतो. म्हणून बदल करावा की नाही हा प्रश्न फोल आहे. बदल कशासाठी केला हा खरा प्रश्न.

आपल्याकडे या विषयाचा विचार वेगळ्या दिशेने झाला. घोड्याच्या प्रतिकृतीला 'अश्वक' म्हणावे अशी सोय पाणिनीने व्याकरणातच करून ठेवली आहे. एका 'क' प्रत्ययाने भाषा कबूल करते की हा घोडा नव्हे, घोड्यासारखा आहे. पुढे रससिद्धान्ताची चर्चा करताना शंकुकाने 'चित्रतुरगन्याय' मांडला. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो तेव्हा ते ज्ञान यथार्थही नसते, मिथ्याही नसते, तो संशयही नसतो आणि केवळ सादृश्याची जाणीवही नसते. ती या चौघांहून वेगळी अशी प्रतीती असते. नाटक पाहताना 'हा राम' असे वाटते ते असेच. शंकुकाच्या मताचे पुढे भरपूर खंडन झाले, पण प्रतिकृतीच्या बाबतीत त्याचे निरीक्षण आम्हाला आजही नेमके वाटते. कपाटातल्या त्या गाडीकडे बोट दाखवून 'ही पोर्शे' म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नाही आणि तिच्यात बसायलाही जात नाही. प्रतिकृती आपण प्रतिकृती असल्याचे आपल्या आकारानेच जाहीर करते. नकली नोट हे जाहीर करत नाही. म्हणून ती गुन्हा आहे आणि ही छंद आहे. खरेपणाची पहिली कसोटी येथे सापडते: वस्तूने आपली ओळख लपवलेली नसावी.

परंतु केवळ तेवढ्याने भागत नाही. आपली ओळख न लपवताही वस्तू खोटी साक्ष देऊ शकते. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. त्यांच्या घरी अनेक वर्षे पांढरी अ‍ॅम्बॅसेडर होती. गाडी गेल्यावर त्यांनी बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची खेळण्यातली अ‍ॅम्बॅसेडर आणली, ती सुटी केली, घासली आणि दोन महिने खपून आरशासारखी चकचकीत रंगवली. पाहणारे थक्क होत. पण त्यांच्या पत्नी ती हातात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "अहो, सुंदर झाली आहे, पण ही आपली गाडी नव्हे. आपल्या गाडीच्या डाव्या मडगार्डला पोचा होता." थोरल्या मुलीच्या जन्माच्या रात्री रुग्णालयाकडे निघताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती; तो पोचा नंतर कोणी काढू दिला नाही. गृहस्थ अडचणीत आले. पोचा घालावा तर इतक्या कष्टाने साधलेली झिलई मोडते. न घालावा तर गाडी कोणाचीच राहत नाही.

या घरगुती वादात एक जुना शास्त्रीय वाद लपलेला आहे. शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती? 'गाय' म्हटले की गोत्व समजायचे की दारातली कपिला? मीमांसकांनी जातीच्या बाजूने कौल दिला; नैयायिकांनी व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना पदार्थात स्थान दिले. प्रतिकृतीलाही हा प्रश्न विचारावा लागतो. ती अ‍ॅम्बॅसेडर या जातीची आहे, की अमुक क्रमांकाच्या, अमुक साली, अमुक घरासमोर उभ्या असलेल्या एका गाडीची? जातीची असेल तर पोचा अप्रस्तुत आहे आणि कारखान्यातून निघालेली झिलई योग्य आहे. व्यक्तीची असेल तर पोचा हेच तिचे नाव आहे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक काय असेल, तर जातीची प्रतिकृती करून ती व्यक्तीची म्हणून दाखवणे. कचेरीतल्या खऱ्या नकलेचाही नियम हाच. मूळ दस्तऐवजात कोणाचे नाव चुकीचे लिहिले असेल, तर नक्कल करणाराने ते सुधारायचे नसते. शुद्धलेखनाचे प्रेम कितीही अनावर झाले तरी जसे आहे तसे उतरवायचे. दुरुस्ती हवी तर तिचा मार्ग वेगळा, अर्ज वेगळा. सुधारलेली नक्कल अधिक सुबक होईल. पुरावा म्हणून ती निरुपयोगी होईल.

अतिरिक्त झिलई हा या छंदातला सर्वांत गोड मोह आहे. पूर्वीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सामान्य गाड्या काही आरशासारख्या नव्हत्या. रंगात खरखरीतपणा असे, दारांच्या फटी एकसारख्या नसत, बॉनेट एका बाजूला किंचित उचललेले असे. आजच्या छांदिष्टाने पारदर्शक लेपाचे थर देऊन, अतिशय बारीक पेपरने घासून आणि पॉलिश करून तिला जी कांती दिली, ती तिच्या नशिबी कधीच नव्हती. मग ही प्रतिकृती गाडीची की गाडीबद्दलच्या आपल्या इच्छेची? जुन्या खऱ्या मोटारींच्या जगातही हा वाद आहे. प्रदर्शनांसाठी काही गाड्या मूळपेक्षा अधिक झळाळत्या केल्या जातात. आता मात्र जीर्ण पण मूळ रंगातल्या गाड्यांचा स्वतंत्र सन्मान होऊ लागला आहे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये 'सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात इमारतींच्या जीर्णोद्धाराला असत्यच ठरवले होते, आणि एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा आभास रंगवण्याचाही त्याने निषेध केला होता. रस्किनच्या कडक न्यायालयात आमचा छंद बहुधा पहिल्याच सुनावणीत दोषी ठरला असता, कारण येथे प्लॅस्टिकला लोखंड, चामडे, रबर आणि काच अशी सारी सोंगे घ्यावी लागतात. पण इमारत जो दावा करते तो प्रतिकृती करत नाही, हा फरक वर आलाच आहे.

झिलईच्या उलट टोकाला गाडी जुनी दाखवण्याची कला आहे. धूळ, चिखल, उन्हाने उडालेला रंग, गंज हे सारे रंगानेच दाखवायचे. जी वस्तू कालच तयार झाली तिच्या अंगावर तीस वर्षांचे आयुष्य रंगवणे हे तर उघड असत्य वाटेल. आम्हाला मात्र येथे एक महत्त्वाचा भेद दिसतो. गंज कोठेही धरत नाही. पाणी जेथे साचते तेथे, दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीच्या आत, चिखल अडकून राहतो अशा सांध्यात तो धरतो. रंग आधी तेथे उडतो जेथे रोज हात लागतो किंवा थेट ऊन पडते. ज्याने हे पाहिले आणि मग ठिपका दिला, त्याने गाडीच्या आयुष्याचे कथन केले. ज्याने केवळ शोभा म्हणून तांबडे फराटे ओढले, त्याने गंजाचा दागिना केला. दोघांच्या कुंचल्याला रंग तोच. पहिल्याच्या मागे कारणाचे ज्ञान आहे, दुसऱ्याच्या मागे परिणामाची हौस. सत्य आणि सजावट यांतला फरक पुष्कळदा इतकाच असतो.

रंगाचा तिसरा एक उपयोग आम्ही सेवेच्या काळात जवळून पाहिला आहे, आणि त्याच्याशी तुलना केल्याखेरीज हा विचार पुरा होणार नाही. वरिष्ठांच्या दौऱ्याआधी रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो, ज्या भिंतीला ओल आली आहे तिच्यावर घाईने सफेदीचा हात फिरतो. ती भिंत दोन पावसाळे मागत असलेली दुरुस्ती तिला मिळत नाही, रंग मात्र मिळतो. लाल प्लॅस्टिकवरच्या पांढऱ्याप्रमाणे ती ओल पुन्हा वर येते, पण तोवर दौरा संपलेला असतो. येथे रंग पाहणाऱ्याला मूळ वस्तूकडे नेत नाही. तो त्याला तिच्यापासून दूर ठेवतो. प्रतिकृतीवरचा गंज खोटा असून खरे सांगतो, आणि भिंतीवरचा चुना खरा असून खोटे बोलतो. पदार्थ खरा की खोटा यावरून साक्षीचा निकाल लागत नाही, हे यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

एवढा खटाटोप खेळण्यासाठी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर देताना मालव्यातल्या माणसाला उज्जयिनीच आठवणार. 'मृच्छकटिक' नाटकाला नाव मिळाले ते एका खेळण्यातल्या गाडीवरून, आणि देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी घराघरांत पोचले. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला चारुदत्ताचा लहानगा रोहसेन दासीने करून दिलेली मातीची गाडी नको म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या गाडीत भरते. तिच्या वात्सल्याला आमचा नमस्कार. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोने भरल्याने मातीची गाडी अधिक मौल्यवान झाली, अधिक खरी झाली नाही. उलट पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्धचा पुरावा म्हणून उभे राहतात. प्रतिकृतीवर चढवलेले वैभव केव्हा साक्षीला उतरेल याचा नेम नसतो.

मूळ वस्तू डोळ्यांसमोर आहे तोवर प्रतिकृतीच्या चुका निरुपद्रवी असतात. कोणीही दोन्ही ताडून पाहू शकतो. मूळ नाहीसे झाले की प्रतिकृती एकटी साक्षीदार उरते आणि तिची जबाबदारी वाढते. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. आमच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बॉडी बांधलेली ड्यूसेनबर्ग केशरी-काळ्या रंगासाठी जगभरच्या मोटारप्रेमींत ओळखली जाते, पण ती या शहराच्या रस्त्यावर धावताना पाहिलेली माणसे आता भेटणे कठीण. अशा गाड्यांचे जुने फोटो बहुधा कृष्णधवल असतात, आणि त्या काळच्या काही फिल्मवर केशरी व लाल हे दोन्ही काळपटच उमटत. नुसत्या फोटोवरून रंग ठरवणारा मनुष्य केशरीला सहज काळे किंवा लाल करून बसेल, आणि पुढच्या पिढीला तोच रंग खरा वाटेल. तेव्हा कुंचला हातात घेण्यापूर्वी लेखी नोंदी शोधणे, पाहिलेल्या माणसाला विचारणे, दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यात मूळ रंगाचा कण उरला आहे का ते पाहणे, हे या छंदाचे नैतिक अंग आहे.

आता जे म्हणायचे आहे ते मोटारीपुरते नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेली आपली घरे म्हणजे एका अर्थी लहान प्रमाणातल्या प्रतिकृतीच आहेत. अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी कोणी शिंदे-होळकरांबरोबर, कोणी गायकवाडांबरोबर बाहेर पडले आणि जेथे गेले तेथे मागच्या घराचा एक छोटा नमुना मांडून बसले. तोच गणपती, तेच हळदीकुंकू, दिवाळीत अंगणात मातीचा तोच किल्ला. पुण्याचे पाहुणे येतात आणि आमच्या मराठीतला हिंदी वळसा ऐकून गालात हसतात. मग आपल्यापैकी काहींना वाटते की मूळच्या डब्यातलाच रंग, त्याच जाडीने, एकही थर न वगळता द्यायला हवा. त्याने काय होते ते वर पाहिले. लहान आकारावर जाड रंग बसला की बारीक रेषा बुजतात. सारेच विधी, साऱ्याच पंक्ती, सारेच सोवळे नातवंडांच्या चिमुकल्या रविवारात कोंबले, की दार कोठे उघडते हेच त्यांना दिसेनासे होते. तेथे पातळ हात हवा आणि काही रेषा मुद्दाम खोल कोरलेल्या हव्यात. घरात मराठी बोलणे ही आम्हाला अशी एक रेषा वाटते. ती मापापेक्षा अधिक ठसठशीत केली तरी अतिशयोक्ती होत नाही. चोविसांतल्या एका भागात ती तेवढी खोल असेल तरच दिसेल.

आणि झिलईचे काय? आपल्या कुलवृत्तांतांत सारे पूर्वज शूर, दानशूर आणि सत्यवचनी असतात. कर्ज बुडवलेला, जमीन हरलेला, भावाशी अबोला धरून निराळ्या गावी बिऱ्हाड केलेला पूर्वज कोणाच्याच घरी नसतो. कुलवृत्तांत जातीची प्रतिकृती म्हणून काढायचा असेल तर हरकत नाही. 'मराठी सरदार कसे असत' याचा तो एक सुबक नमुना होईल. पण आमच्या पणजोबांचा म्हणून काढायचा असेल, तर डाव्या मडगार्डवरचा पोचा त्यात असावा. पोचा म्हणजे सबंध गाडी भंगारात काढणे नव्हे. पूर्वजांवर कारण नसताना गंजाचे फराटे ओढण्याचीही एक नवी हौस दिसू लागली आहे; तीही तितकीच खोटी. जेथे पाणी साचले तेथे गंज, जेथे हात फिरला तेथे झिजलेला रंग, आणि जेथे मूळचीच कांती टिकून आहे तेथे ती कांती, एवढेच प्रामाणिक रंगकामाला हवे असते.

त्या गृहस्थांनी पुढे काय केले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. त्यांनी चकचकीत गाडी तशीच ठेवली आणि तिच्या तळाशी 'अ‍ॅम्बॅसेडर' एवढेच लिहिले. मग दुसरी आणली. तिचे डावे मडगार्ड सुईच्या टोकाने दाबून आणि जपून कोरून पोचा केला, रंगाचे हात कमी दिले, दाराच्या खालच्या कडेला किंचित तांबूस झाक दिली आणि तळाशी आपल्या गाडीचा क्रमांक व ती रात्रीची तारीख घातली. पहिली गाडी पाहून लोक अजूनही रंगकामाची वाखाणणी करतात. दुसरी पाहून रंगकामाविषयी कोणी बोलत नाही. लेक माहेरी आली की ती उचलून मडगार्डवरून बोट फिरवते आणि त्या रात्रीचे विचारते. 'खरी नक्कल' असा शेरा मारण्याचा अधिकार आता आमच्याकडे नाही; असता, तर तो कोणत्या गाडीच्या तळाशी मारला असता हे वेगळे सांगायला नको.